राउटरचं बिट शेपरमध्ये : बसणं आणि कापणं

मागच्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातला 'करण' हा शब्द पाहिला. नैयायिकांचं नेहमीचं उदाहरण कुऱ्हाडीचं. कुऱ्हाड हे तोडण्याचं करण खरं, पण कोपऱ्यात उभी असलेली कुऱ्हाड काही तोडत नाही. तिचा लाकडाशी संयोग व्हावा लागतो; त्याला ते 'व्यापार' म्हणतात. त्यावर लाकूडकाम करणाऱ्या एका श्रोत्याने विचारलं, राउटरचं बिट स्पिंडल शेपरमध्ये लावलं तर चालेल का? प्रश्न आम्हाला इतका आवडला की आजचं व्याख्यान त्यावरच.

राउटर हातात धरून चालवतात किंवा टेबलाखाली उलटा बसवतात. तो मिनिटाला वीस-बावीस हजार फेरे सहज घेतो. शेपर हे जड यंत्र; टेबलातून उभा स्पिंडल वर येतो, त्यावर मधे भोक असलेला मोठा कटर बसतो, आणि फेरे फार तर दहा हजारांच्या आसपास. बिटाला भोक नसतं, दांडी असते. म्हणून नेहमीचा स्पिंडल काढून कोलेटवाला बसवावा लागतो. अनेक शेपरांसाठी तो मिळतो. तेव्हा बिट बसतं. आता व्यापाराकडे येऊ.

जात्याच्या वरच्या दगडावर एक खूण मध्याजवळ करा, एक काठावर. फेरे दोघींचे सारखेच, पण काठाची खूण कितीतरी जास्त वाट चालते. प्लेटोला 'लॉज'च्या दहाव्या भागात याचंच नवल वाटलं आहे. लाकडाला फेरे कळत नाहीत, त्याला धारेचा वेग कळतो, आणि तो परीघ गुणिले फेरे इतका. 12 मिलिमीटरचं बिट 24,000 फेऱ्यांना सेकंदाला 15 मीटर वेगाने कापतं. तेच शेपरमध्ये 10,000 फेऱ्यांना जेमतेम सव्वासहा मीटर! आणि शेपरचा स्वतःचा 100 मिलिमीटरचा कटर 7,000 फेऱ्यांनाही छत्तीस मीटरच्या वर जातो.

परिणाम पृष्ठभागावर दिसतो. दोन धारांचं बिट, लाकूड मिनिटाला 5 मीटर सरकतंय असं धरा. 20,000 फेऱ्यांना प्रत्येक धारेच्या वाट्याला 0.125 मिलिमीटर येतं, 10,000 ला त्याच्या दुप्पट. म्हणून खुणा उठतात, आडव्या रेषांशी ढलप्या निघतात. उपाय एकच, सावकाश सरकवायचं आणि थोडं थोडं कापायचं. बारीक नक्षीच्या बिटासाठी आम्ही तरी राउटरच घेऊ.

मोठ्या बिटाचं मात्र उलट आहे, आणि गंमत इथेच आहे. दरवाजाच्या फळीची कड उतरवायचं 80 मिलिमीटरचं बिट 22,000 फेऱ्यांना सेकंदाला 92 मीटर गाठेल. तो वेग धोक्याचा, म्हणून राउटरचे फेरे कमी करावेच लागतात. शेपरमध्ये ते 10,000 ला 42 मीटरवर चालतं आणि छान कापतं. तरी बिटावर लिहिलेली फेऱ्यांची कमाल मर्यादा आधी वाचायची.

पण दांडी? ती 12 मिलिमीटरचीच. शेपरचा 30 मिलिमीटरचा स्पिंडल तिच्यापेक्षा जवळजवळ 39 पट ताठ असतो, कारण ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. राउटरवर भार पडला की त्याचा आवाज बदलतो, माणूस हात आखडता घेतो. शेपरची मोटर दणकट, ती कुरकुरत नाही. ताण सगळा दांडीला सोसावा लागतो. ती तुटली तर तुकडा कुठे जाईल याचा भरवसा नाही. म्हणून बिट कोलेटच्या जितकं जवळ ठेवता येईल तितकं ठेवावं, आणि बोटांऐवजी ढकलकाठी वापरावी.

दिशेचंही पाहा. बऱ्याच शेपरांना उलट फिरवायचं बटण असतं, कारण कटर उलटा करून बसवता येतो. बिट तसं करता येत नाही. त्याला दिशा एकच, आणि लाकूड त्या फिरण्याच्या विरुद्ध सरकवायचं. बटण नीट पाहिल्याशिवाय यंत्र सुरू करू नये.

शेवटी कोलेट. दांडी तळाला टेकेपर्यंत आत घालून मग दोन-तीन मिलिमीटर वर ओढावी आणि नट आवळावा. अर्ध्या इंचाचं माप 12.7 मिलिमीटर होतं. 12ची दांडी त्या कोलेटमध्ये आवळली की हाताला घट्ट वाटते, पण कामात सरकते. 12च्या दांडीला 12चंच कोलेट आणावं.