स्टेटरच्या वायरींचे रबरी बूच

चुंबक आणि तांब्याचे वेटोळे यांच्या परस्परगतीने वीज उत्पन्न होते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली सिद्ध केले, आणि मोटारसायकलचा स्टेटर, म्हणजे वीज उत्पन्न करणारा वेटोळ्यांचा स्थिर संच, आजही त्याच तत्त्वावर चालतो. बुलेटसारख्या कित्येक गाड्यांत हा स्टेटर तेलाच्या सान्निध्यात, बंद आवरणाखाली बसविलेला असतो. त्यामुळे त्याच्या वायरी जेथून बाहेर पडतात, तेथील लहानशा रबरी बुचावर, ज्याला मिस्त्री ग्रोमेट म्हणतात, वायरींना वाट देण्याची आणि तेलाला मज्जाव करण्याची अशी दुहेरी जबाबदारी येते.

वर्षानुवर्षांच्या उष्णतेने हे रबर कठीण होते, आक्रसते, त्याला चिरा पडतात आणि तेल झिरपू लागते. ज्या गाड्यांचे उत्पादन थांबले आहे, त्यांचे हे बूच बहुधा सुटे मिळत नाही. म्हणून ते घरी घडविण्याची तजवीज करावी लागते. तत्पूर्वी एक खातरजमा अवश्य करावी: तेल बुचाच्या कडेने न येता वायरींच्या कपलरमधून ठिबकत असेल, तर ते वेष्टणाच्या आतील तारांमधून केशाकर्षणाने चढलेले असते, आणि नवे बूच कितीही उत्तम असले, तरी त्या गळतीस त्याचा उपयोग होत नाही.

माप जुन्या बुचावरून घेऊ नये, कारण त्याचा मूळ आकार राहिलेला नसतो. आवरणातील धातूची खाच व्हर्नियरने मोजावी आणि बूच तिच्याहून किंचित मोठे ठरवावे, म्हणजे आवरण आवळताच ते दाबले जाऊन फटी बुजवील. मात्र रबराचा आकार बदलतो, आकारमान जवळजवळ बदलत नाही. म्हणून ते अवास्तव मोठे केल्यास आवरणच नीट बसत नाही.

खरी कसोटी द्रव्याच्या निवडीत आहे. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते, म्हणून ते वर्ज्य. नायट्राइल रबर तेलास उत्तम तोंड देते. परंतु त्यास साच्यात उष्णता आणि दाब द्यावा लागत असल्याने ते कारखान्याचे काम ठरते. घरगुती कामास सिलिकोन सोयीचे, कारण ते साच्यात उष्णता आणि दाब न देताही घट्ट होते आणि इंजिनाची उष्णता सहज सोसते. तथापि व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकोन तांब्यास गंजविते, आणि नळीतील एकघटकी सिलिकोन हवेतील आर्द्रतेने घट्ट होत असल्यामुळे बंद साच्यात आतून कच्चेच राहते. यास्तव, तेलास टिकेल असे उत्पादकाने नमूद केलेले द्विघटकी सिलिकोन घ्यावे. त्याच्या प्लॅटिनमयुक्त जातीस गंधकाचा संसर्ग वर्ज्य असतो. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ साली शोधलेल्या प्रक्रियेने ज्या गंधकामुळे रबर टिकाऊ झाले, तेच गंधक जुन्या रबराच्या स्पर्शातून येथे शिरल्यास मिश्रण चिकटच राहते.

वायरींच्या टोकांच्या पिना बुचाच्या छिद्रांहून मोठ्या असतात. म्हणून बूच वायरींभोवतीच ओतणे श्रेयस्कर. ॲल्युमिनियमचा दोन भागांचा साचा करावा, त्यास मेणाचा पातळ हात द्यावा, वायरी स्पिरिटने पुसून तेलाचा अंश नाहीसा करावा आणि त्या एकमेकींस न चिकटतील अशा बेताने साच्यात ठेवाव्या. कारण दोन वायरींच्या मध्ये राहिलेली केसाएवढी पोकळी तेलाला पुरेशी असते. मिश्रण संथपणे ढवळून एका बाजूने ओतावे, हवा निघण्यास दुसरे छिद्र ठेवावे आणि उत्पादकाने सांगितलेला अवधी लोटेपर्यंत साच्यास हात लावू नये. बूच बसविल्यावर बाहेरून टाल्कम पावडर भुरभुरून इंजिन तापेपर्यंत चालवावे; गळती असल्यास पावडरीवर तिचा डाग उमटतो.

यात महागडे असे यंत्र लागत नाही. लागतात ते अचूक माप, योग्य द्रव्य आणि धीर. एक सुटा भाग मिळत नाही एवढ्याच सबबीवर चालती गाडी भंगारात घालू पाहणाऱ्या वाचकांनी हा हुन्नर एकदा अवश्य करून पाहावा.