भूतपिशाचकल्पना, मध्ययुगीन मराठवाड्यातील

मृत्यूनंतर गती न मिळालेले जीव परत येऊन जिवंतांना पीडा देतात, ही समजूत मध्ययुगीन मराठी समाजात सर्व थरांत रूढ होती. धर्मशास्त्रानुसार मृत जीव प्रथम प्रेतावस्थेत असतो. दशपिंड व सपिंडीकरण यांनी तो पितरांत मिळतो. क्रियाकर्म झाले नाही, मृत्यू अकाली आला किंवा ऋण वा वासना उरली, तर तो भूतयोनीत अडकतो, असे मानीत. लोकसमजुतीतील भूतांचे प्रकारही अशा उणिवांवरूनच पडलेले दिसतात. मुंजीनंतर पण विवाहापूर्वी मेलेला मुलगा मुंजा होतो व पिंपळावर राहतो. बाळंतपणात मेलेली स्त्री अळवंत होते. ज्याचे और्ध्वदेहिक झाले नाही वा ज्याचा जीव धनात गुंतला, तो समंध होतो. खवीस हा शब्द अरबी ‘खबीस’वरून आला असून तो दख्खनमधील मुस्लिम संपर्काचा द्योतक आहे.

या कल्पनेचे मर्म गुरुचरित्राच्या विसाव्या अध्यायात स्पष्ट होते. शिरोळच्या एका स्त्रीची मुले जगत नाहीत. पूर्वजन्मी तिने बुडविलेल्या कर्जामुळे आत्मघात केलेला ब्राह्मण पिशाच होऊन ती नेतो, असे तेथे सांगितले आहे. नृसिंह सरस्वती तिला औदुंबराची सेवा व त्या मृताची यथाशक्ती उत्तरक्रिया करावयास सांगतात. येथे पिशाच हा मुळात न चुकविलेल्या देण्याचा दावेदार आहे. याच ग्रंथात माहूरच्या (जि. नांदेड) तरुणाचे शव गाणगापुरास गुरुकृपेने सजीव झाल्याची कथा आहे, मात्र तेथे परतणारा भूत नसून देहधारी पती आहे.

पैठणच्या एकनाथांविषयी (१५३३–९९) अशी आख्यायिका आहे, की श्राद्धान्न अंत्यजांना दिल्यामुळे ब्राह्मणांनी बहिष्कार टाकला, तेव्हा पितर स्वतः जेवावयास आले. मृतांचे येणे येथे भयाचे नसून आप्तभावाचे आहे. भूतांच्या उपासनेला संतांनी मात्र थारा दिला नाही. भूते भजणारे भूतत्वालाच जातात, हा गीतेचा विचार ज्ञानेश्वरीने (१२९०) विशद केला, तर एकनाथांच्या भारुडात झपाटणारे भूत विठ्ठलच ठरते.

अशा रीतीने या ग्रंथांत भूतबाधेचे निवारण ऋणमुक्ती, उत्तरक्रिया व भक्ती यांतून होते. पीडिताला शिक्षा करून नव्हे. भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधणे व मारणे या प्रथा मात्र दीर्घकाळ टिकून राहिल्या. त्यांचा भार बहुधा स्त्रिया व मनोरुग्ण यांवर पडला. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाने अशी कृत्ये दंडनीय ठरविली आहेत.