भट्टी घरची, धडे घिसाड्याचे

रस्त्याकडेला पाल ठोकलेल्या घिसाड्याकडे नीट पाहावं. जमिनीत खड्डा, बाजूला भाता, रोवलेली छोटी ऐरण. बायको घण मारतेय, तो सांडशीने लोखंड फिरवतोय. नवशिक्यालाही याहून फारसं लागत नाही. ऐरणीऐवजी भंगारातला जाड पोलादी ठोकळा बाभळीच्या ओंडक्यात घट्ट बसवला तरी चालतो. हातोडा किलोभराचा घ्यावा, जड घेतला की मनगट भरून येतं. सांडशी मात्र नेमकी बसणारीच हवी, नाहीतर तापलेला तुकडा निसटून थेट पायावर!

काळपट लाल लोखंड ठोकू नये. नारिंगी-पिवळं होऊ द्यावं. त्यातून ठिणग्या फुटू लागल्या, की ते जळतंय.

जस्ताचा मुलामा असलेला पाइप भट्टीत कधीच घालू नये. त्याच्या धुराने ताप भरतो.