इटलीचे फुटबॉल-संघ : नांवें आणि मालकी

इटलीच्या वरिष्ठ फुटबॉल-स्पर्धेंतील संघांची यादी वाचणाऱ्यास एक गोष्ट चटकन् खटकते. मिलानो हें शहराचें इटालियन नांव. परंतु त्या शहराचा सर्वांत जुना नामांकित संघ स्वतःस 'मिलान' असें इंग्रजी नांवानें म्हणवून घेतो. जेनोव्हा बंदराचा संघ 'जेनोआ' या इंग्रजी रूपाला चिकटून बसला आहे. तुरीनच्या एका संघाचें नांव लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ 'तारुण्य' असा होतो. मिलानोच्या दुसऱ्या संघाच्या मूळ नांवांत शहराचा पत्ताच नव्हता. तो आहे 'आंतरराष्ट्रीय'. हीं नांवें सहज पडलेलीं नाहींत, आणि सहज टिकलेलींहि नाहींत. कधीं सरकारनें, कधीं धनिकानें, तर कधीं दिवाळखोरीच्या न्यायालयानें त्यांवर हात घातला. नांव नेमकें कोणाच्या मालकीचें, हा प्रश्न या क्लबांच्या इतिहासांत पुनःपुनः उभा राहतो.

आरंभ जेनोव्हा बंदरांत झाला. ७ सप्टेंबर १८९३ रोजीं तेथील कांहीं इंग्रज गृहस्थांनीं ब्रिटिश वकिलातींत जमून एक क्रीडामंडळ स्थापन केलें. त्याच्या नांवांत फुटबॉलचा उल्लेखहि नव्हता. 'जेनोआ क्रिकेट आणि अ‍ॅथलेटिक क्लब' असें तें नांव. सभासदत्व इंग्रजांपुरतें होतें. ज्या शहराच्या भूमीवर खेळावयाचें त्या शहराच्या रहिवाशांनाच दार बंद! आपल्याकडील जिमखान्यांचा जुना इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना यांत नवल वाटणार नाहीं. पुढें १८९६ सालीं जेम्स रिचर्डसन स्पेन्स्ली नांवाचा एक इंग्रज डॉक्टर बंदरांतील ब्रिटिश खलाशांवर औषधोपचार करण्याकरितां तेथें आला. फुटबॉल या खेळाला क्लबांत खरा जोर आला तो त्याच्यामुळें, आणि १८९७ सालीं इटालियनांना सभासद म्हणून घेण्यांतहि त्याचाच पुढाकार होता. तो स्वतः गोलरक्षक होता.

८ मे १८९८ रोजीं तुरीन येथें पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. राष्ट्रीय म्हणावयाची इतकेंच. संघ अवघे चार, त्यांपैकीं तीन तुरीनचेच, आणि सारी स्पर्धा एका दिवसांत आटोपली. जेनोआ विजयी झाला. १९२४ सालापर्यंत त्यानें एकूण नऊ अजिंक्यपदें मिळविलीं. इटलींत दहा अजिंक्यपदें जिंकणाऱ्या क्लबास अंगरख्यावर सोनेरी तारा लावण्याचा मान मिळतो. हा तारा प्रथम १९५८ सालीं जुव्हेंटस या क्लबानें लावला. जेनोआचें दहावें पद मात्र १९२४ पासून यावयाचेंच राहिलें आहे. स्पेन्स्लीला तें नववें पदहि पाहतां आलें नाहीं. पहिल्या महायुद्धांत तो लष्करी डॉक्टर म्हणून गेला आणि १९१५ सालीं जखमी अवस्थेंत जर्मनींतील माइन्झ शहरीं मरण पावला.

इतर मोठ्या क्लबांचे जन्म थोडक्यांत सांगतां येतील. तुरीनच्या एका विद्यालयांतील मुलांनीं १८९७ सालीं 'जुव्हेंटस' काढला. त्यांचे अंगरखे प्रथम गुलाबी होते. १९०३ सालीं इंग्लंडमधील नॉटिंगहॅमहून नॉट्स कौंटी या संघाचे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे अंगरखे आले, आणि तेच पुढें जगप्रसिद्ध झाले. १८९९ सालीं मिलानोमध्यें हर्बर्ट किल्पिन या नॉटिंगहॅमच्याच रहिवाशानें आपल्या सोबत्यांसह 'मिलान' स्थापिला. १९०६ सालीं जुव्हेंटसमधून फुटून निघालेल्या मंडळींच्या साह्यानें 'तोरिनो' उभा राहिला. १९०८ च्या मार्चमध्यें मिलानमध्येंहि फूट पडली. परदेशी खेळाडूंना संघांत घ्यावें कीं न घ्यावें हा तेथें वाद होता. घ्यावें असें म्हणणारी मंडळी एका उपाहारगृहांत जमली आणि त्यांनीं 'इंटरनात्सिओनाले' हें नांव धारण केलें. त्या नांवांतच त्यांचा सारा युक्तिवाद होता. याच नांवाचें 'इंटर' हें संक्षिप्त रूप आज सर्वत्र रूढ आहे.

या मोठ्या शहरांच्या गर्दींत एका लहान गांवाची कथा अधिक विस्तारानें सांगण्यासारखी आहे. तुरीन आणि मिलानो यांच्या मधोमध, भातशेतीच्या सपाट प्रदेशांत, व्हेर्चेल्ली हें गांव आहे. येथील व्यायामशाळेनें १९०३ च्या सुमारास फुटबॉल हातीं घेतला. 'प्रो व्हेर्चेल्ली' या तिच्या संघांत इंग्रज नव्हते, स्विस नव्हते. गांवचींच मुलें होतीं. या संघानें १९०८ ते १९२२ या काळांत सात वेळां अजिंक्यपद मिळविलें. १९१० सालीं तारखेच्या तंट्यावरून रागावून त्यांनीं अंतिम सामन्यास आपला किशोर-संघ पाठविला आणि इंटरकडून १० विरुद्ध ३ अशी हार पत्करली. हट्टच तो, पण गांवाचा हट्ट. १ मे १९१३ रोजीं बेल्जियमविरुद्ध खेळलेल्या इटलीच्या अकरा जणांत नऊ खेळाडू या एका गांवच्या क्लबाचे होते.

मग पैसा आला. १९२३ सालीं तुरीनच्या फियाट मोटार कारखान्याचे मालक जे आन्येल्ली घराणें, त्यांतील एदोआर्दो आन्येल्ली हे जुव्हेंटसचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षीं व्हेर्चेल्लीचा उत्कृष्ट बचावपटु व्हिर्जिनिओ रोझेत्ता जुव्हेंटसकडे गेला. खेळाकरितां पैसे घेणें त्या वेळीं नियमबाह्य होतें. प्रकरण गाजलें, आणि तो ज्या सामन्यांत खेळला होता त्यांचे निकाल फिरवून गुण प्रतिपक्षास देण्यांत आले. परंतु खेळाडू कांहीं परत आला नाहीं. दहा वर्षांनीं तेंच पुन्हां घडलें. व्हेर्चेल्लीमध्यें वाढलेला सिल्व्हिओ पिओला १९३४ सालीं रोमच्या लात्सिओ क्लबास दिला गेला. पुढें इटलीच्या वरिष्ठ श्रेणींत २७४ गोल करून त्यानें जो उच्चांक प्रस्थापित केला तो आजहि अबाधित आहे. पिओला गेल्यानंतर पुढच्याच वर्षीं, १९३५ सालीं, प्रो व्हेर्चेल्ली वरिष्ठ श्रेणींतून खालीं घसरला. तेथें तो पुन्हां कधीं पोहोंचला नाहीं.

येथें या श्रेणींची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. १९२६ पर्यंत इटलींत प्रांतवार गट असत. उत्तरेचा विजेता व दक्षिणेचा विजेता शेवटीं एकमेकांशीं खेळत, आणि हा सामना बहुधा एकतर्फीच होई. १९२९-३० च्या हंगामापासून साऱ्या देशाची एकच वरिष्ठ श्रेणी झाली. तिचें नांव 'सेरी आ', म्हणजे 'अ' श्रेणी. आरंभीं तींत अठरा संघ होते. २००४ पासून वीस आहेत. प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येकाशीं दोनदां, एकदां आपल्या मैदानावर व एकदां त्याच्या, खेळतो. तळाचे तीन संघ 'ब' श्रेणींत उतरतात व तेथील तीन वर येतात. अशा चाळणींतून १९२९ पासून एकदांहि न गळलेला क्लब एकच, तो म्हणजे इंटर.

ही एकश्रेणी-रचना फॅसिस्ट राजवटींत झाली, आणि त्या राजवटीची दृष्टि खेळापेक्षां नांवांवर अधिक होती. १९२६ सालीं व्हिआरेज्जो येथें जाहीर झालेल्या नियमावलीनें परदेशी खेळाडूंना बंदी केली आणि पैसे घेऊन खेळणाऱ्यांना मान्यता दिली. एका शहरांत दहा दुबळे क्लब असण्यापेक्षां एक बळकट असावा, असें धोरण ठरलें. त्याच वर्षीं फ्लॉरेन्समधील दोन क्लब एकत्र करून 'फिओरेंतीना' निर्माण झाला. १९२७ सालीं राजधानींतील तीन क्लब मिळून 'रोमा' झाला. लात्सिओ तेवढा त्या मिश्रणांत पडण्यास कबूल झाला नाहीं, म्हणूनच आज रोममध्यें दोन प्रतिस्पर्धी आहेत. १९२८ सालीं 'आंतरराष्ट्रीय' या शब्दावर गदा आली. इंटरला दुसऱ्या एका क्लबाशीं जोडून शहराचा पालकसंत आंब्रोझ याच्या नांवावरून 'आंब्रोझियाना' करण्यांत आलें. जेनोआचें जेनोव्हा झालें. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर मिलानचेंहि मिलानो झालें. सरकार पडलें आणि तिन्ही क्लबांनीं आपलीं परकी नांवें पुन्हां घेतलीं! इंग्रज केव्हांच निघून गेले होते. नांव मात्र आतां गांवाचें झालें होतें.

नांव परत मिळालें, पण कांहीं माणसें परत मिळालीं नाहींत. एकश्रेणी स्पर्धेचें पहिलें अजिंक्यपद १९३० सालीं आंब्रोझियानानें जिंकलें. त्या संघाचा शिक्षक आर्पाद व्हाइस हा हंगेरियन ज्यू होता. जुझेप्पे मेआत्सा या अवघ्या सतरा वर्षांच्या पोराला मोठ्या संघांत खेळविण्याचें धाडस त्याचेंच. मेआत्सानें त्या हंगामांत ३१ गोल केले. पुढें व्हाइस बोलोन्या शहराच्या क्लबाकडे गेला व त्यासहि त्यानें १९३६ आणि १९३७ अशीं लागोपाठ दोन अजिंक्यपदें मिळवून दिलीं. १९३८ सालीं इटलींत वंशभेदाचे कायदे झाले. व्हाइस पत्नी व दोन मुलांसह प्रथम पॅरिसला आणि तेथून हॉलंडमध्यें डॉर्ड्रेख्ट या गांवीं गेला, आणि तेथील लहानशा क्लबास शिकवूं लागला. जर्मनांनीं हॉलंड घेतल्यावर १९४२ सालीं कुटुंबास अटक झाली. पत्नी व मुलें त्याच वर्षीं आउश्विट्झ येथें मारलीं गेलीं. तो स्वतः ३१ जानेवारी १९४४ रोजीं तेथेंच मृत्यु पावला. तीन अजिंक्यपदें मिळवून देणाऱ्या या माणसाचें नांव इटलींत कित्येक दशकें कोणाच्या तोंडीं नव्हतें. २००७ सालीं मात्तेओ मारानी या पत्रकारानें त्याचें चरित्र शोधून प्रसिद्ध केलें, आणि २००९ सालीं बोलोन्याच्या क्रीडांगणावर त्याच्या स्मरणार्थ फलक बसला.

युद्धकाळांतील एक चमत्कारिक विजयहि नमूद करण्याजोगा आहे. १९४४ सालीं उत्तर इटलींत जी युद्धकालीन स्पर्धा झाली ती ला स्पेत्सिया येथील आगीच्या बंबवाल्यांच्या संघानें जिंकली, आणि तीहि बलाढ्य तोरिनोचा २ विरुद्ध १ असा पराभव करून. अजिंक्यपदांच्या अधिकृत गणनेंत हा विजय धरला जात नाहीं. २००२ सालीं त्याला केवळ सन्मानार्थ मान्यता मिळाली.

हा तोरिनो त्या काळांत अजोड होता. १९४३ सालीं आणि युद्धाच्या खंडानंतर पुन्हां लागोपाठ त्यानें अजिंक्यपद जिंकलें. व्हालेंतिनो मात्सोला त्याचा कप्तान. ४ मे १९४९ रोजीं लिस्बन येथील मित्रत्वाचा सामना खेळून परत येत असतां तुरीनजवळ दाट धुक्यांत त्यांचें विमान सुपेर्गा टेकडीवरील देवालयाच्या मागच्या भिंतीवर आदळलें. ३१ माणसें गेलीं. त्यांत १८ खेळाडू होते. वंशभेदाच्या कायद्यांमुळें इटली सोडावी लागलेला आणि युद्धांतून वांचून परत आलेला हंगेरियन मार्गदर्शक एग्री एर्ब्स्टाइन हाहि त्यांत होता. प्रेतें ओळखण्याचें काम राष्ट्रीय संघाचे वृद्ध मार्गदर्शक व्हित्तोरिओ पोत्सो यांना करावें लागलें. हंगामाचे चार सामने उरले होते. तोरिनोनें आपलीं किशोर मुलें मैदानांत उतरविलीं. प्रतिस्पर्ध्यांनींहि आपापले किशोर-संघच पाठविले. तें पद तोरिनोचेंच झालें. त्यानंतर तोरिनोला अजिंक्यपद मिळालें तें एकदांच, १९७६ सालीं. दर वर्षीं ४ मे रोजीं संघ टेकडीवर जातो आणि कप्तान मृतांचीं नांवें एकेक करून वाचतो.

पुढील काळ बहुतांशीं उत्तरेकडील कारखानदारांचा व धनिकांचा आहे, आणि तो सर्वपरिचित असल्यामुळें त्यावर फार थांबण्याचें कारण नाहीं. दक्षिणेकडे व बेटांकडे पहिलें अजिंक्यपद गेलें तें १९७० सालीं, सार्डिनिया बेटावरील कॅल्यारी क्लबाकडे. जीजी रीव्हा या खेळाडूच्या डाव्या पायाचा तो पराक्रम होता. दक्षिणेच्या मुख्य भूमीला १९८७ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षीं मॅराडोनाच्या नापोलीनें नेपल्स शहरास पहिलें पद मिळवून दिलें, आणि १९९० सालीं दुसरें. उत्तरेच्या मैदानांवर ज्यांना घाणेरडे म्हणून हिणवीत त्या शहराला या विजयानें काय वाटलें असेल तें सांगावयास नको.

या क्लबांवर शेवटचा हात पडला तो कर्जाचा. २००२ सालीं फिओरेंतीना दिवाळखोर ठरला. कायद्यानें क्लब नाहींसा झाला. नवा क्लब 'फ्लोरेंतिया व्हिओला' या दुसऱ्याच नांवानें चौथ्या श्रेणींत खेळूं लागला. जुनें नांव आतां दिवाळखोराच्या मालमत्तेंत जमा होतें, खुर्च्या-टेबलांसारखें. नव्या मालकांनीं तें २००३ सालीं पैसे मोजून विकत घेतलें. नापोलीवरहि २००४ सालीं हाच प्रसंग आला. एका चित्रपटनिर्मात्यानें तो तिसऱ्या श्रेणींतून पुन्हां उभा केला, आणि २०२३ व २०२५ सालीं त्यानें पुन्हां अजिंक्यपद मिळविलें. पार्मा २०१५ सालीं थेट हौशी खेळाडूंच्या श्रेणींत फेंकला गेला व तीन वर्षांत वर आला.

भातशेतीच्या त्या गांवालाहि यांतून सुटका नव्हती. २०१० सालीं जुना प्रो व्हेर्चेल्ली पैशाअभावीं स्पर्धेच्या नोंदणींतून वगळला गेला. त्याच गांवांत 'प्रो बेल्व्हेदेरे' नांवाचा दुसरा एक क्लब होता. त्यानें आपलें नांव टाकलें, प्रो व्हेर्चेल्लीचें नांव आणि पांढरा अंगरखा घेतला, आणि सिल्व्हिओ पिओलाच्या नांवाच्या मैदानावर खेळूं लागला. २०१२ सालीं हा संघ ६४ वर्षांनंतर 'ब' श्रेणींत परत गेला.