विश्लेषण : अंगणात गंजत पडलेली ‘मारुती ८००’ पुन्हा रस्त्यावर आणता येते का?

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीतील जुन्या सोसायट्यांच्या आवारात एखादी तरी छोटी मोटार वर्षानुवर्षे कव्हरखाली उभी दिसते. टायर बसलेले, दाराच्या खालच्या कडेला गंज, आणि मालकाचे एकच उत्तर : ‘एक दिवस दुरुस्त करायची आहे.’ बहुतेकदा ती ‘मारुती ८००’ असते. वडिलांनी घेतलेली, घरातील पहिली गाडी. अशी गाडी सुटीच्या दिवशी थोडे थोडे काम करत पुन्हा उभी करण्याची हौस अनेकांना असते. मात्र यातील बरेच प्रयत्न अर्ध्यावर थांबतात. इंजिन चालू होत नाही म्हणून फार थोडे थांबतात; बहुतेकदा आड येतो तो सडलेला पत्रा किंवा मुदत संपलेली नोंदणी. या दोन गोष्टी आधी तपासल्या नाहीत, तर रंगावर केलेला सगळा खर्च वाया जाऊ शकतो.

‘मारुती ८००’च का?

या गाडीची पहिली किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते दिल्लीतील हरपाल सिंग यांना देण्यात आली. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, बारा इंची चाके आणि हलके अंग ही तिची ओळख. जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत देशात २५ लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. सचिन तेंडुलकर यांची पहिली गाडीही हीच. ती परत मिळावी, अशी इच्छा त्यांनी २०२० मध्ये जाहीरपणे बोलून दाखवली होती.

हरपाल सिंग यांनी ती पहिली गाडी २०१० मध्ये निधन होईपर्यंत जपली. त्यानंतर ती घराबाहेर उभी राहून गंजत गेली. पुढे मारुती सुझुकी कंपनीने ती मूळ रूपात आणली आणि २०२२ मध्ये आपल्या मुख्यालयात ठेवली. म्हणजे अगदी खराब झालेली गाडीही पुन्हा उभी राहू शकते. पण ते काम कंपनीचे होते आणि गाडी प्रदर्शनासाठी होती. घरच्या मालकाला ती रस्त्यावर चालवायची असते, त्यामुळे त्याची परीक्षा वेगळी असते.

आणखी एक हिशेब लक्षात ठेवावा लागतो. एप्रिल २०१० मध्ये ‘भारत स्टेज ४’ निकष लागू झाल्यावर मुंबई, पुणे, सोलापूरसह १३ शहरांत या गाडीची विक्री थांबली. त्यामुळे मुंबईत नोंदणी झालेल्या सर्वांत नव्या ‘८००’नेही आता १५ वर्षे ओलांडली आहेत.

मुंबईत पत्रा लवकर का सडतो?

लोखंडाला पाणी आणि हवेतील प्राणवायू मिळाला की गंज चढतो. त्यात मीठ मिसळले की हीच क्रिया झपाट्याने होते. पश्चिम उपनगरांना समुद्र आणि गोराई, मनोरी, मालाडच्या खाड्या. पूर्वेला ठाण्याची खाडी आणि भांडुप-मुलुंडची मिठागरे. त्यावर चार महिन्यांचा पाऊस. उभ्या गाडीसाठी ही हवा सर्वांत वाईट.

चालती गाडी इंजिनाच्या उष्णतेने आणि वाऱ्याने वाळते. उभी गाडी वाळत नाही. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी छोटी छिद्रे असतात. ती पाने आणि मातीने बुजली की पाणी आतच साचते. प्लास्टिकच्या कव्हरखाली दमटपणा कोंडतो. गंजाचा थर मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो वरचा रंग उचलून फोडतो. गंज न काढता त्यावर नवा रंग मारला, तर एक-दोन पावसाळ्यांत त्याच जागी पुन्हा फुगवटे येतात, ते याच कारणाने.

जुनी गाडी विकत घेऊन काम सुरू करणाऱ्यांनी २६ जुलै २००५ चीही आठवण ठेवावी. त्या दिवशी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि उपनगरांत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. सीटच्या रुळांवरचा गंज, गालिच्याखालील चिखलाचा थर आणि वायरींच्या जोडांवरची हिरवट बुरशी ही पाण्यात बुडालेल्या गाडीची लक्षणे.

गंज किती खोल आहे, हे कसे ओळखायचे?

रंगावर दिसणारे डाग फसवे असतात. खरी तपासणी खाली आणि आत करावी लागते.

- गालिचे पूर्ण काढून पायाखालचा पत्रा पाहावा. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने हलके दाबल्यावर पत्रा आत गेला, तर तेथे केवळ गंज उरला आहे.
- चाकांच्या कमानी आणि दारांखालची पट्टी यांवर लोहचुंबक फिरवावे. जेथे तो चिकटत नाही, तेथे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली असते.
- बॅटरीखालचा भाग, स्टेपनीची खोबण आणि पुढचे शॉकअब्सॉर्बर वर जेथे बसतात ती जागा तपासावी.

यातील शेवटची जागा सर्वांत महत्त्वाची. ‘८००’ला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, पत्र्याचे अंगच सगळा भार पेलते. दार किंवा बॉनेट बदलता येते. पण शॉकअब्सॉर्बरची बैठक किंवा तळाचे आधार सडले असतील, तर धडकेत गाडी माणसांना वाचवू शकत नाही. अशा वेळी तळाचा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. तो खर्च आणि तसा अनुभवी कारागीर दोन्ही जमत नसतील, तर येथेच थांबणे शहाणपणाचे.

कागदपत्रे कामाआधी का पाहायची?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून ती दर वेळी पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० रुपये केले. अर्ज उशिरा केला तर नियमानुसार दरमहा ५०० रुपये जादा, म्हणजे एका वर्षाला ६,००० रुपये. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. गाडी उभीच होती, हे कारण सांगून ही थकबाकी टळेल, असे गृहीत धरू नये.

दुसरा पेच वारसाचा. आरसीवरील मालकाचे निधन झाले असेल, तर ३० दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत अर्ज क्रमांक ३१ द्वारे नाव बदलून घेण्याची तरतूद आहे. अनेक घरांत हे राहून गेलेले असते. मग वारस प्रमाणपत्र, इतर वारसांची संमती अशी कागदपत्रे जमवावी लागतात. जुन्या कर्जाची नोंद आरसीवर तशीच असेल, तर बँकेचे ना हरकत पत्रही लागते. याशिवाय १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी सक्तीची आहे. पीयूसी आणि किमान तृतीय पक्ष विमा हवाच.

चासी आणि इंजिन क्रमांक आरसीशी जुळतात का, हेही आधीच पाहावे. क्रमांकाचा पत्राच गंजून गेला असेल, तर पुढे अडचण ठरलेली. नोंदणी कायमची रद्द झालेली असेल, तर गाडी कितीही सुंदर झाली तरी ती रस्त्यावर चालवता येणार नाही.

घरी काय करावे, गॅरेजमध्ये काय?

सीट आणि गालिचे काढणे, वायरींचे जोड साफ करणे, कार्ब्युरेटर उघडून धुणे, रबरी नळ्या बदलणे, गंज घासून त्यावर गंजरोधक प्रायमर लावणे ही कामे आवारात होऊ शकतात. प्रत्येक भागाचे फोटो काढून, स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत चिठ्ठी लावून ठेवले, तर सहा महिन्यांनी जोडणी करताना गोंधळ होत नाही.

वर्षानुवर्षे बंद इंजिनाला थेट स्टार्टर मारू नये. आधी प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे आणि इंजिन हाताने फिरवून पाहावे. टायमिंग बेल्ट रबरी असतो. तो बाहेरून चांगला दिसला तरी बदलावाच. टाकीतील जुने पेट्रोल काढून टाकावे.

वेल्डिंग, ब्रेक, स्टिअरिंग आणि स्प्रे रंग मात्र गॅरेजलाच द्यावेत. पेट्रोलच्या टाकीजवळ ठिणगी म्हणजे थेट धोका. रिकामी दिसणारी टाकीही वाफेने भरलेली असते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. खाली भक्कम स्टँड हवेत. थिनरचा वास आणि ग्राइंडरचा आवाज यांवरून सोसायटीत वाद होतात, त्यामुळे समितीची आधी लेखी परवानगी घेतलेली बरी. गाडी सार्वजनिक रस्त्यावर ठेवून काम करणे तर टाळावेच. बेवारस वाहन समजून महापालिका नोटीस चिकटवते आणि मुदतीत गाडी हलवली नाही तर उचलून नेते.

वेळापत्रकही पावसाचेच. उघडा केलेला पत्रा दमट हवेत काही तासांत पुन्हा लालसर होतो. पत्र्याचे काम दिवाळीनंतर सुरू करून मेअखेर रंगापर्यंत नेणे आणि पावसाळ्यात आतली, इंजिनाची कामे करणे सोयीचे.

सुटे भाग मिळतात का?

या गाडीचा हा मोठा फायदा. हेच ७९६ सीसीचे इंजिन २०१९ पर्यंत तयार होणाऱ्या ‘ओम्नी’तही होते, त्यामुळे इंजिनाचे बरेच भाग अजून मिळतात. अवघड असतात त्या जुन्या घडणीच्या काचा, दिवे, रबरी पट्ट्या आणि डॅशबोर्ड. त्यासाठी कुर्ल्याचा भंगार बाजार हा उपनगरवासीयांचा नेहमीचा पत्ता. तेथे खरेदी करताना पावती मागावी. चोरीच्या गाडीचा भाग निघाला तर हौस महागात पडते.

इंधनाचा प्रश्नही आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या नळ्या, सील आणि डायफ्रॅम त्यासाठी बनवलेले नव्हते. दुरुस्तीत हे सर्व रबरी भाग इथेनॉलला टिकणारेच बसवावेत आणि इंधनगळती वरचेवर तपासावी.

‘व्हिंटेज’ म्हणून सूट मिळते का?

नाही. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातील असावी लागते. पहिल्या ‘८००’लाही त्यासाठी २०३३ उजाडावे लागेल. तोवर तिला साध्या गाडीचेच नियम लागू. रंग किंवा इंजिन बदलले तर त्याची आरसीवर नोंद लागते. मूळ रचनेत मनमानी बदल करता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

पुढचा धोका कोणता?

दिल्ली परिसरात १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन आदेशांमुळे निर्बंध आले. मुंबईत खासगी गाड्यांवर तशी वयाची सरसकट बंदी नाही. २० वर्षांची मर्यादा टॅक्सींना आहे. मात्र हवाप्रदूषणाच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पेट्रोल-डिझेल वाहने टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, याचा अभ्यास करण्यास सांगितले आणि राज्याने त्यासाठी समिती नेमली. धोरण बदलण्याची शक्यता धरूनच पैसे घालावेत.

हे पैसे विक्रीतून परत मिळण्याची आशा धरू नये. विम्यातही पाच वर्षांवरील गाडीची किंमत कंपनी आणि ग्राहक यांच्यात ठरते. दुरुस्तीवर झालेला खर्च आपोआप मोजला जात नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी आरसी, मग तळाचा पत्रा, नंतर ब्रेक आणि इंजिन, सर्वांत शेवटी रंग. पहिल्या दोन पायऱ्यांवर उत्तर ‘नाही’ आले, तर गाडी अधिकृत भंगार केंद्राला देऊन प्रमाणपत्र घेणे आणि नोंदणी रद्द करून घेणे हा मार्ग खुला आहे. उत्तर ‘हो’ असेल, तर वेळ कितीही लागो, वडिलांची गाडी पुन्हा रस्त्यावर धावू शकते.