परिचारिका आणि पर्यायी उपचार

मनुष्य आजारी पडला म्हणजे तो सरळ रुग्णालयात जातो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचण्यापूर्वी त्याने बहुधा काही ना काही उपचार केलेले असतात. घरातील वडीलधाऱ्या स्त्रीने काढा दिलेला असतो, शेजाऱ्याने एखादी मुळी सुचविलेली असते, कोणी बाजारातून चूर्णाची डबी आणलेली असते. रुग्णालयात दाखल झाल्यावरही हे उपचार थांबतातच असे नाही. अशा रुग्णाच्या सहवासात जी व्यक्ती सर्वांत अधिक काळ असते, ती परिचारिका होय. म्हणून या उपचारांविषयी परिचर्येच्या विद्यार्थिनींना व विद्यार्थ्यांना काय शिकवावे, हा प्रश्न केवळ अभ्यासक्रमाचा नाही. रुग्णाच्या सुरक्षिततेचा आहे.

संज्ञांचा अर्थ

रुग्णालयातील उपचार चालू ठेवून त्यांच्या जोडीला जो उपाय केला जातो, त्याला पूरक उपचार म्हणतात. रुग्णालयातील उपचार सोडून त्यांच्या जागी जो केला जातो, तो पर्यायी उपचार. उपाय तोच असूनही तो कसा योजला आहे, यावरून त्याचे नाव व त्यातील धोका बदलतो. शस्त्रक्रियेनंतर मन शांत राहावे म्हणून केलेला प्राणायाम पूरक आहे. शस्त्रक्रिया टाळून केवळ प्राणायामावर विसंबणे हा पर्याय झाला.

भारतात आणखी एक भेद ध्यानी घ्यावा लागतो. आयुर्वेद, योग, निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा व होमिओपॅथी यांना शासनमान्यता आहे आणि त्यांच्यासाठी २०१४ पासून केंद्रात स्वतंत्र आयुष मंत्रालय आहे. पदवीधर व नोंदणीकृत वैद्य, गावातील जाणता आणि आठवड्याच्या बाजारात औषध विकणारा फिरता विक्रेता या तिघांना एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे.

रायपूरचे उदाहरण

हा प्रश्न किती व्यवहारातला आहे, हे छत्तीसगडची राजधानी रायपूर येथे चांगले दिसते. या नगरात १९६३ साली स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१२ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था कार्य करीत आहे. शासकीय परिचर्या महाविद्यालय आहे आणि शासकीय आयुर्वेद महाविद्यालयही आहे. येथे येणारे अनेक रुग्ण दूरच्या अरण्यमय भागांतून येतात. तेथे गावाचा बैगा किंवा गुनिया, आणि बस्तरकडे सिरहा, हा पिढ्यान्‌पिढ्या रोग्याचा पहिला आधार राहिला आहे. त्याच्याकडे जाण्यासाठी वाहन लागत नाही, तो रोग्याची भाषा बोलतो आणि त्याचे सर्व ऐकून घेतो. २००२ साली छत्तीसगडमध्ये मितानिन योजना सुरू झाली, तेव्हा आरोग्यसेविकेला ‘मितानिन’, म्हणजे मानलेली सखी, हे नाव देण्यात आले. विश्वासाचे नाते जुळल्यावाचून आरोग्याचे ज्ञान घरात शिरत नाही, हे तत्त्व त्या नावातच आहे.

पहिला पाठ : विचारणे

रुग्ण आपण घेत असलेली मुळी किंवा चूर्ण आपणहून सांगत नाही. त्याला रागावले जाण्याचे भय वाटते, किंवा झाडपाल्याला तो औषध समजतच नाही. म्हणून ‘आपण दुसरे औषध घेता का?’ हा प्रश्न पुरेसा नाही. त्याचे उत्तर ‘नाही’ असेच येते. ‘येथे येण्यापूर्वी बरे वाटावे म्हणून घरी काय काय केले?’ असे विचारले म्हणजे उत्तर मिळते. त्यानंतर काय घेतले, किती घेतले, केव्हापासून, कोणी दिले आणि आजही चालू आहे काय, हे क्रमाने विचारावे, टिपणात लिहावे व डॉक्टरांच्या नजरेस आणावे. वर्गात एकीने रुग्ण व दुसरीने परिचारिका होऊन याचा सराव करता येतो. रायपुरात हा सराव छत्तीसगढी बोलीत करणे अधिक उपयुक्त, कारण रुग्ण त्याच बोलीत मन मोकळे करतो.

दुसरा पाठ : पारखणे

एखादा उपाय जुना आहे म्हणून तो खरा ठरत नाही, आणि जुना आहे म्हणून खोटाही ठरत नाही. याचे उत्तम उदाहरण सर्पगंधा ही वनस्पती होय. ती छत्तीसगडच्या अरण्यांतही आढळते. तिच्या मुळीविषयी लोकांत अनेक दावे होते: ती सर्पदंशावर चालते, उन्मादावर चालते, झोप आणते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा पद्धतशीर प्रयोग केला व १९४९ साली त्याचे निष्कर्ष ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यानंतर १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. रक्तदाब उतरविणाऱ्या आरंभीच्या औषधांत त्याची गणना होते. पुढे त्याने काही रुग्णांत खिन्नता येते असे आढळले आणि अधिक निर्धोक औषधे आल्यावर त्याचा वापर मागे पडला. मात्र सर्पदंशावर ही मुळी उपयोगी पडते, हे सिद्ध झाले नाही. मुळी एकच, परंतु एक दावा कसोटीस उतरला, दुसरा उतरला नाही.

मग सर्पदंशावर गुनियाला यश आलेले लोक कसे पाहतात? याचे उत्तर विद्यार्थिनींनी नीट समजून घ्यावे. पुष्कळ साप बिनविषारी असतात. विषारी सापाच्या प्रत्येक दंशातही विष शरीरात शिरतेच असे नाही. असे रोगी मंत्राने, मुळीने किंवा काहीच न करता बरे होतात, आणि श्रेय शेवटच्या उपायाला मिळते. सर्दी आपोआप ओसरते, सांध्यांचे दुखणे कमी-अधिक होत राहते. तेथेही हाच भ्रम होतो. म्हणूनच शास्त्रज्ञ उपाय केलेल्या रोग्यांची तुलना उपाय न केलेल्या, पण तशाच, रोग्यांशी करतात. तुलनेवाचून अनुभव बोलका असतो, पण विश्वसनीय नसतो.

मण्यारीचा दंश झालेल्या रोग्याच्या बाबतीत हा भ्रम प्राणघातक ठरतो. हा साप बहुधा रात्री, जमिनीवर निजलेल्या माणसास चावतो. वेदना व सूज फारशी नसते. काही तासांनी पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते आणि श्वसनाचे स्नायू शिथिल होतात. येथे प्रतिविषाचे इंजेक्शन व आवश्यक तर कृत्रिम श्वसन हाच उपाय आहे. झाडफूक करण्यात गेलेला प्रत्येक तास त्या रोग्याच्या आयुष्यातून वजा होतो.

तिसरा पाठ : अपाय ओळखणे

अपाय तीन मार्गांनी होतो. पहिला मार्ग औषधांच्या परस्परक्रियेचा. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर कारल्याचा रस किंवा गुडमार घेतल्यास रक्तातील साखर अपेक्षेपेक्षा खाली जाऊ शकते. ज्येष्ठमध दीर्घकाळ व मोठ्या प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. लघवी वाढविणारी औषधे घेणाऱ्या हृदयरोग्यास ते विशेष धोक्याचे आहे.

दुसरा मार्ग औषधाच्या घटकांचा. अमेरिकेत बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. करोना साथीत, २०२० साली, मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृतास इजा झाल्याचे नोंदविले. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला. अशा वादात परिचारिकेने पक्ष घ्यावयाचा नसतो. परंतु कावीळ झालेल्या रुग्णास कोणती वनस्पती घेतली हे विचारावयाचे असते.

तिसरा मार्ग विलंबाचा, आणि तो सर्वांत घातक. अमेरिकेतील २०१८ सालच्या एका पाहणीत, कर्करोग शरीरात दूरवर पसरण्यापूर्वीच ज्या २८१ रुग्णांनी केवळ पर्यायी उपचार स्वीकारले, त्यांच्या मृत्यूचा धोका इतरांच्या सुमारे अडीचपट आढळला. छत्तीसगडमध्ये सिकल सेल हा रक्तविकार बराच आढळतो. बरे वाटू लागले म्हणून किंवा जडीबुटी मिळाली म्हणून नेहमीचे औषध बंद करणाऱ्या रुग्णास तीव्र वेदनांचा झटका पुन्हा येण्याचा संभव असतो. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने मधुमेह, कर्करोग इत्यादी रोगांवर औषधाची जाहिरात करण्यास मनाई केली आहे, हेही विद्यार्थिनींना ठाऊक असावे.

परिचारिकेच्या हातातील उपाय

सर्वच पूरक उपचार संशयास्पद आहेत असे मात्र नव्हे. मनगटाच्या आतील बाजूस, घडीपासून सुमारे तीन बोटे वर, दोन कंडरांच्या मध्ये एक दाबबिंदू चिनी वैद्यकात सांगितला आहे. त्याला उत्तेजन दिल्याने शस्त्रक्रियेनंतरची मळमळ व वांती कमी होते, असे अनेक प्रयोगांच्या एकत्रित परीक्षणातून दिसून आले आहे. पाठीला हलके मर्दन, संथ दीर्घ श्वसन व शांत संगीत यांनी चिंता कमी होण्यास साहाय्य होते. स्वच्छ हवा, प्रकाश व शांतता यांवर भर देणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या परंपरेशी हे उपाय सुसंगतच आहेत. तथापि तेही रुग्णाच्या संमतीने, डॉक्टरांना कळवून आणि शिक्षण घेऊनच करावेत. औषध सुचविणे हे परिचारिकेचे कार्यक्षेत्र नव्हे, आणि गावाच्या जाणत्याची टवाळी करणे हेही नव्हे. टवाळी झाली की रुग्ण गप्प होतो, आणि गप्प रुग्णाचे रक्षण करणे कठीण असते.

सारांश, या विषयाच्या शिक्षणाने परिचारिकेला वैद्य किंवा गुनिया बनवावयाचे नाही. प्रत्येक उपायाविषयी चार प्रश्न तिच्या मनात सदैव जागे राहावेत, एवढाच त्याचा हेतू आहे: हा उपाय उपयोगी असल्याचा पुरावा कोणता? यात अपायकारक काय असू शकेल? चालू औषधाशी त्याचा मेळ बसतो काय? आणि त्याच्यापायी आवश्यक उपचारास उशीर तर होत नाही ना? पैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होतो’ असे असेल, तर तिने क्षणाचाही विलंब न करता डॉक्टरांना कळवावे. आदराने विचारणे आणि निर्भयपणे पारखणे, या दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीच्या ठायी आल्या म्हणजे अरण्यातील गाव आणि नगरातील रुग्णालय यांमधील अंतर पुष्कळसे कमी होते.