फेरेडॉक्सिन : नायट्रोजिनेजचा पुरवठादार

सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मार्टिन केमन आणि हॉवर्ड गेस्ट ऱ्होडोस्पिरिलम रुब्रम या लालसर-जांभळ्या जिवाणूचा अभ्यास करत होते. उजेडात हा जिवाणू हायड्रोजन वायू सोडे. नायट्रोजन मिळाला, की ते थांबे. त्यातूनच १९४९ साली सिद्ध झाले, की प्रकाशावर जगणारा हा जीव हवेतला नायट्रोजनही स्थिर करतो.

हे काम नायट्रोजिनेज या विकराचे. नायट्रोजनच्या एका रेणूपासून अमोनियाचे दोन रेणू करायला त्याला ८ इलेक्ट्रॉन आणि पेशीला ऊर्जा पुरवणारे किमान १६ एटीपी रेणू लागतात. नायट्रोजनच नसेल, तर आलेले इलेक्ट्रॉन हायड्रोजन बनवण्यात खर्ची पडतात. केमन-गेस्ट यांना दिसलेला वायू तो हाच.

विकराच्या दारापर्यंत इलेक्ट्रॉन आणून देते ते फेरेडॉक्सिन. लोह-गंधकाचे पुंजके बाळगणारे हे छोटेसे प्रथिन १९६२ मध्ये ड्युपाँटच्या संशोधकांनी क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूतून वेगळे केले. त्याच्याकडचा इलेक्ट्रॉन फार उच्च ऊर्जेचा असावा लागतो, आणि जांभळ्या जिवाणूंची अडचण नेमकी इथेच आहे. हिरव्या गंधक-जिवाणूंचे प्रकाशकेंद्र फेरेडॉक्सिनला थेट इलेक्ट्रॉन देते. जांभळ्यांचे केंद्र मात्र त्याला क्विनोन या कमी ऊर्जेच्या वाहकापर्यंतच नेते. तिथून पुढचा चढ उरतोच.

तो चढण्याच्या दोन तऱ्हा आहेत. ऱ्होडोबॅक्टर कॅप्सुलेटसमध्ये १९९३ साली सापडलेले आरएनएफ हे प्रथिनसंकुल उपसा सिंचनाच्या पंपासारखे चालते : प्रकाशामुळे पटलाच्या दोन बाजूंना प्रोटॉनची जी तफावत साठते, ती खर्चून ते एनएडीएच या वाहक रेणूकडचे इलेक्ट्रॉन फेरेडॉक्सिनवर चढवते. ऱ्होडोस्पिरिलममध्ये फिक्स नावाचे संकुल इलेक्ट्रॉनची जोडी फोडते. एक उताराने क्विनोनकडे जातो आणि त्यातून सुटलेल्या ऊर्जेवर दुसरा फेरेडॉक्सिनपर्यंत पोचतो. लोहाची टंचाई झाली, तर ऱ्होडोबॅक्टर फ्लॅव्होडॉक्सिन हे लोहाविना चालणारे प्रथिन कामाला लावतो.

नायट्रोजिनेजच्या एका घटकाला हा इलेक्ट्रॉन मिळतो आणि तो दुसऱ्या घटकाकडे सोपवतो. एका वेळी एकच. अशा आठ खेपा झाल्या, की एक रेणू फुटतो.

गहू-भातात नायट्रोजिनेजची जनुके बसवण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. पण नुसते विकर बसवून भागणार नाही. त्याला अखंड इलेक्ट्रॉन पुरवणारी प्रथिनेही सोबत न्यावी लागतील. त्यांच्याविना नायट्रोजिनेज जागेवर असूनही ठप्पच राहते.